फी न घेणारा माणूस

लातूर
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय उमा,

शरणु. पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते उभ्या उभ्याच फोडलं असशील. हाताने लिहिलेलं पत्र आलं की कुणीतरी गेलं, असंच आता वाटतं. तसं काही नाही. मी आहे. पोस्टातल्या मुलीने पाकीट हातात घेऊन विचारलं, "काकू, आत काय हाय, सर्टिफिकेट का?" म्हटलं, "न्हाई गं, नुसतं पत्र हाय." निजामाच्या काळातून उठून आल्यासारखी तिने माझ्याकडे बघितलं.

फोन का केला नाही ते सांगते. हसू नको.

पाडव्याला मी तुला मोबाइलवर मेसेज लिहायला घेतला होता. 'उमा, पैशाबद्दल बोलायचंय, कधी मोकळी असतेस?' एवढाच. मग आपला दीड वर्षाचा अबोला आठवला आणि मी तो पुसून टाकला. पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी शिवप्रसाद आला, चहा प्याला, आणि चपला घालता घालता म्हणाला, "काकू, नांदेडच्या मावशीला कशाला तरास देता? मी हाय की."

न पाठवलेला मेसेज त्याला कसा कळला, उमा? तेव्हापासून मी फोन उशीखाली घालून मगच साडी बदलते. तू म्हणशील म्हातारीला वेड लागलं. लागलं असेल तर तसंही कळव, मला बरंच वाटेल.

शिवप्रसादला तू पाहिलेलं नाहीस. ह्यांच्या चुलत आत्याचा नातू, निलंग्याकडचा. हे गेले, मोंढ्यातलं अडतीचं दुकान विकलं, पैसे बँकेत आले आणि मी एकटी त्या पैशांकडे बघत बसले. बँकेचा मेसेज आला तरी मला दरदरून घाम यायचा. घरात पैशाचं सगळं हेच बघत. मला फक्त सही माहीत. तेव्हा तू आली होतीस, ते मी विसरलेली नाही. तू म्हणालीस, "अक्का, मी बघते तुझं सगळं. पण वर्षाची फी घेईन, आणि तुला सगळे आकडे दाखवावे लागतील." सख्खी मावसबहीण, देवणीत एका ताटात जेवलेली, आणि फी मागते! तू बँक सोडून परवाना काढून हे सल्ल्याचं काम करतेस, हे माहीत होतं. पण माझ्याकडून? मी तुला पुरणपोळी वाढली, बसस्टँडवर पोचवलं आणि मनातून काढून टाकलं.

त्यानंतर शिवप्रसाद आला. कपाळावर विभूती, बोलणं मऊ. मी फीचं विचारलं तर त्याने कानाला हात लावले. म्हणाला, "काकू, एकट्या बाईचं काम करून पैसे घ्यायचे? हे माझं कायक हाय. ह्याचं मोल घेतलं तर लिंगाला हात कोणत्या तोंडानं लावू?" मला रडू आलं, उमा. म्हटलं, काम हीच पूजा समजणारं एक तरी माणूस आपल्या लिंगायतांत उरलंय.

त्याच्या हैदराबादच्या कंपनीत मी थोडे पैसे ठेवले आहेत. किती ते विचारू नको. मला फक्त त्या मेसेजचं सांग. फोन करू नको, पत्रच लिही.

तुझी
रत्नाक्का


नांदेड
६ नोव्हेंबर २०२५

ती. अक्का,

शरणु शरणार्थी. तुला वेड लागलेलं नाही. दुःखाची गोष्ट एवढीच की शहाणपणही वेळेवर आलेलं नाही.

आधी माझं सांगते. दसऱ्यानंतर माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वॉकर घेऊन घरातल्या घरात फेऱ्या मारते. आरती मला दाराबाहेर पाऊल टाकू देत नाही. पोरीला जन्म मी दिला की तिने मला, हेच कळेनासं झालंय. नाहीतर पत्र हातात पडलं त्याच दिवशी मी लातूरच्या गाडीत बसले असते.

आता मेसेजचं. भूतबीत काही नाही. शिवप्रसादने कधी तुझा फोन हातात घेतला होता का? "काकू, तुमचं खातं मला इथून बघता येईल, तुम्हाला बँकेत जायला नको," असं काही म्हणाला होता का? म्हणाला असणारच. त्याने तुझ्या फोनमध्ये एक ॲप घातलं आहे. तू फोनवर जे बघतेस, जे लिहितेस, ते त्याला त्याच्या फोनवर दिसतं. पुसलेलंसुद्धा, कारण लिहिताना ते दिसलेलं असतं. बँकेचे ओटीपीसुद्धा.

म्हणून हे पत्र वाचून झालं की फोन बंद कर. काही पुसत बसू नको, ते पुरावा म्हणून लागेल. फक्त बंद कर. मग चालत बँकेत जा, मॅनेजरच्या समोर बस, आणि लेखी दे की माझं नेट बँकिंग बंद करा, मोबाइलवरून एकही व्यवहार होऊ देऊ नका, मुदत ठेव मोडायची असेल तर मी स्वतः येईन. पोच घे. पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नको, चहा दिला तरी.

आणि फीचं. तू मला मनातून काढलंस ते मला बसस्टँडवरच कळलं होतं. तू खिडकीपाशी थांबली नाहीस. रागावले नाही असं म्हणणार नाही. पण अक्का, अडतीच्या धंद्यात तुझी अख्खी हयात गेली. शिवप्पा भावजी शेतकऱ्याचा माल विकून द्यायचे आणि आपली अडत कापून घ्यायचे, उघड, पावतीवर लिहून. एखादा अडत्या म्हणाला असता की मी अडत घेत नाही, तर भावजी काय म्हणाले असते? त्याचा काटा तपासा म्हणाले असते. शिवप्रसाद फी घेत नाही म्हणून उपाशी राहतो का? तो कुठून खातो, हे तू त्याला कधी विचारलंस?

थोडेच पैसे ठेवले आहेस म्हणतेस. मग एवढी घाबरू नको. गेले तर धडा समज आणि पुढचं वाचव.

तुझी
उमा


लातूर
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय उमा,

तू सांगितलंस तसं सगळं केलं. फोन बंद करून ज्वारीच्या डब्यात, ज्वारीच्या आत पुरला. रात्री वाटलं, आत तो ऐकत असेल. म्हणून डबा उचलून गच्चीच्या जिन्यात नेऊन ठेवला. बँकेत गेले, पोच घेतली. मॅनेजर पोरगेला आहे, पण त्याने अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "काकू, घरी काही त्रास आहे का?" मी नाही म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी शिवप्रसाद आला. तो एरवी सोमवारी येतो, आणि त्या दिवशी शनिवार होता. दार उघडलं तर समोर हसत उभा. "काकू, फोन बंद येऊन राहिला, मला लई काळजी लागली." मी म्हटलं, पाण्यात पडला. म्हणाला, "द्या की, दुरुस्त करून आणतो." म्हटलं, दुकानात टाकलाय. म्हणाला, "कोणत्या?" उमा, मला एका दुकानाचं नाव सुचेना. तो सोफ्यावर बसला. कितीतरी वेळ ह्यांच्या फोटोकडे बघत राहिला. मग उठला, फोटोला नमस्कार केला आणि गेला. आवाज चढवला नाही, रागावला नाही. त्याने शिव्या घातल्या असत्या तर मी कमी घाबरले असते.

तो गेल्यावर मी तिन्ही कड्या लावल्या आणि दिवसाउजेडी दिवे लावून बसले.

तू 'धडा समज' असं लिहिलंस. ते वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवून दिलं होतं. थोडे पैसे असं मी लिहिलं, कारण आपल्या घरात आकडा कधी तोंडाने सांगत नाहीत. तुझ्या माझ्या बापांनी देवणीच्या बाजारात बैलांचे सौदे रुमालाखाली बोटं दाबून केले. शेजारी उभ्या असलेल्या सख्ख्या भावाला भाव कळू दिला नाही. तीच सवय अंगात मुरलेली आहे. डॉक्टरला दुखणं सांगावं तसा आकडा सांगायचा असतो, हे मला कुणी शिकवलंच नाही. दुकानाच्या पैशातला तिसरा हिस्सा त्या कंपनीत गेला आहे, उमा. दसऱ्यापर्यंत महिन्याच्या महिन्याला व्याज येत होतं. दसऱ्यापासून बंद आहे. तो म्हणतो, कंपनीचं ऑडिट चालू आहे.

बाकीचे दोन हिस्से बँकेत ठेवीत आहेत. माझ्या म्हातारपणाला तेवढेच आहेत. मूल नाही, बाळ नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

केवळाबाई दोनदा दारावरून गेली, आत आली नाही. बाकी ठीक.

तुझी
रत्नाक्का


नांदेड
१३ नोव्हेंबर २०२५

ती. अक्का,

'धडा समज' असं मी लिहायला नको होतं. चूक झाली. पोच घेतलीस, हे फार मोठं काम केलंस.

आता मला दोन गोष्टी सांग. पहिली, तू कशाकशावर सह्या केल्या आहेस? आठवेल तेवढं लिही. दुसरी, केवळाबाई कोण, आणि ती आत का आली नाही?

माझ्यासमोरच्या खुर्चीत बसणारी माणसं पैशाबद्दल फारसं खोटं बोलत नाहीत. एक-दोन भेटींत आकडा बाहेर येतोच. पण त्या पैशाच्या शेजारी कोण उभं आहे, ते मात्र लपवतात. कुणाला मुलाचं व्यसन लपवायचं असतं, कुणाला दुसरं घर. तुझ्या चार पानांत केवळाबाईला एक ओळ मिळाली आणि लगेच पुढे 'बाकी ठीक'. ठीक असतं तर तू तिचं नाव घेतलं नसतंस.

मी रागावणार नाही. रागावले तरी उठून जाणार नाही, उठताच येत नाही मला.

लातुरात माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, मडिवाळप्पा. वय झालंय, कमी बोलतात, फी सांगून घेतात. त्यांचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. शेजाऱ्यांच्या फोनवरून मला एक फोन तरी कर.

तुझी
उमा


लातूर
१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

प्रिय उमा,

फोन करायला शेजारी गेले होते. नंबर दाबला, पहिली रिंग वाजली आणि मी ठेवून दिला. हे मला तोंडाने बोलता येत नाही. कागदाकडे बघून लिहिता येतं.

केवळाबाई आमच्या अक्कमहादेवी भजनी मंडळाला स्वयंपाकाला येते. आपल्यातली नाही, नायगावकडची मराठ्याची आहे, पण सगळी भजनं तिला आमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत. पापड, कुरडया विकून तिने घरावर स्लॅब टाकायला पैसे साठवले होते. ते तिने त्या कंपनीत ठेवले. माझ्या सांगण्यावरून. मंडळातल्या आठ जणी आहेत अशा. विठाबाईने तर लेकीच्या बाळंतपणाचे ठेवले. मला व्याज मिळत होतं ना दर महिन्याला, मी हरखून गेले होते. मी भजन झाल्यावर सांगायची, "माझा पुतण्या आहे, फीसुद्धा घेत नाही." त्यांचे फॉर्म मीच माझ्या हाताने भरले. आयुष्यात पहिल्यांदा पैशाच्या कामात कुणीतरी माझा सल्ला विचारत होतं, उमा. मला ते फार आवडलं होतं. हे लिहायला नको वाटतं, पण खरं आहे.

आज तो आला. या वेळी हसला नाही. कागद काढून पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "काकू, हे बघा. ह्या आठ जणींच्या एजंट तुमी हाव. तुमची सही हाय." मी म्हटलं, मी कुठली एजंट? तर म्हणाला, "दर महिन्याला तुमच्या खात्यावर जे आलं त्यात व्याज निम्मंच हुतं. निम्मं ह्या बायांचं कमिशन. बँकेच्या पासबुकात हाय की सगळं. उद्या कुणी पोलिसात गेलं तर पहिलं नाव कुणाचं येईल?"

म्हणजे मी केवळाबाईच्या पैशातलं कमिशन खात होते. त्यातूनच मी श्रावणात मंडळाला जेवण घातलं. तिनेच रांधलं ते.

माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याने पाणी आणून दिलं. स्वयंपाकघरात माठ कुठे, पेला कुठे, सगळं त्याला माहीत. मग परत मऊ आवाजात बोलायला लागला. "घाबरू नका. कंपनी थोडी अडकलीय. तुमच्या ठेवी मोडून तेवढे पैसे आत टाकले की गाडं सुरू हुतंय. आठी बायांचं व्याज पुढच्याच महिन्यात चालू. कुणाला काही कळायचं न्हाई. न्हाईतर..." न्हाईतरच्या पुढे तो बोलला नाही.

पुढच्या सोमवारी, चोवीस तारखेला, तो गाडी घेऊन येणार आहे. ठेवी मोडायला मला स्वतः बँकेत जावं लागतं, हे त्याने काढून घेतलं माझ्याकडून. मी हो म्हटलं.

आता तू मला सांग की मी बरोबर केलं. माझे जातील, पण त्यांचे सुटतील ना? मी एकटी कशीही राहीन, एका वेळचं खाईन. पण त्या बायका माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या तर मी कुठे बघू? गल्लीतून कुणाच्या बांगड्या वाजल्या तरी मला केवळाबाई आली असं वाटतं. मला तुरुंगात टाकतील का गं?

रत्नाक्का


नांदेड
१९ नोव्हेंबर २०२५

अक्का,

नाही. बरोबर केलं नाहीस. एक रुपयाही द्यायचा नाही. त्या कंपनीत तुझ्या ठेवी गेल्या तर त्या आठ जणींना काही मिळणार नाही, शिवप्रसादला पळून जायला भाडं मिळेल.

माणूस खूप घाबरला की त्याला सही करावीशी वाटते. सही केली की भीती संपेल असं वाटतं. हे मी बँकेत असताना शंभर वेळा बघितलं आहे, आणि तुझ्या बाबतीत मला आज स्वतःला भीती वाटते आहे. तुझं पत्र वाचून मला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी मी येते आहे. आरतीशी भांडण झालं, गाडी तीच चालवणार आहे. तोपर्यंत दार कुणालाही उघडू नको. तुरुंगाचं मी आत्ता काही सांगत नाही, कारण मला नक्की माहीत नाही. मडिवाळप्पांना विचारून सांगेन. माहीत नसलेलं मी तुला गोड करून सांगणार नाही.

उमा


नांदेड
२५ नोव्हेंबर २०२५

ती. अक्का,

पोचले. गुडघा सुजला आहे, डॉक्टर ओरडले, आरती तीन दिवस माझ्याशी बोलणार नाही असं म्हणते.

काल सोमवारी तो आला तेव्हा तू देवघरात होतीस आणि दार मी लोटून घेतलं होतं, म्हणून तुला काही ऐकू आलं नाही. तुला नंतर सांगितलं, "आला आणि गेला." पूर्ण सांगितलं नाही, आता सांगते. मी दार उघडलं. तो पायरीवर उभा. मला वर-खाली बघितलं आणि म्हणाला, "मावशी, गुडघा कसा हाय?" तोपर्यंत त्याने मला कधी पाहिलेलं नव्हतं. मागच्या सोमवारी तुला पाणी आणायला आत गेला तेव्हा माझी पत्रं त्याने चाळली असणार. अक्का, माझ्या वॉकरचे पाय फरशीवर खडखड वाजायला लागले. मी दोन्ही हातांनी दाबून धरला तरी वाजत होते. मी एवढंच म्हटलं, "शनिवारी आम्ही आर्थिक गुन्हे शाखेत जाऊन आलो. तुझं नाव, फोन, कंपनीचे कागद, सगळं दिलं आहे." त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली. मग चपला घातल्या. गाडीत बसताना त्याने घराकडे परत बघितलं, आणि मी कडी लावून खाली बसले ती मला उठता येईना. आरतीने उठवलं. म्हणून म्हणते, घाबरणं हा काही तुझ्या एकटीचा गुण नाही.

आता व्यवहाराचं बोलू. कंपनीत गेलेले पैसे परत येतील असं मी म्हणणार नाही. अशा प्रकरणांत वर्षं जातात, आणि आला तरी सगळा पैसा येत नाही. तू स्वतःहून गेलीस, कमिशनचं लपवलं नाहीस, हे मडिवाळप्पांच्या मते तुझ्या बाजूचं आहे. चौकशीला बोलावतील. जावं लागेल. कमिशनची रक्कम वेगळी काढून ठेव, तिला हात लावू नको, तिचं काय करायचं ते वकील सांगतील. उरलेल्या ठेवींवर तू नीट राहू शकतेस, हिशेब मी मांडून दिला आहे.

बायकांना कळवायचं काम राहिलं. पोलीस त्यांच्याकडे जातील त्याच्या आधी तुझ्या तोंडून त्यांना कळलं पाहिजे. मी तिथे येऊन बसणार नाही. तू विचारलंस तेव्हाच सांगणार होते, पण तुझा चेहरा बघून राहिलं. मी बसले तर तू माझ्याकडे बघून बोलशील. आणि एक. त्या क्षणी तुला म्हणावंसं वाटेल की मी माझ्या ठेवीतून सगळ्यांचे फेडते. म्हणू नको. वचन द्यायला तोंड लागतं, पाळायला पैसे लागतात, आणि तेवढे तुझ्याकडे नाहीत. खोटं दुसऱ्यांदा सांगू नको.

हे ऐकायला कडू आहे. त्याच्यासारखं गोड मला बोलता येत नाही, आणि फी देऊन तू मला ठेवलंस ते त्यासाठी नाही.

तुझी
उमा


लातूर
२ डिसेंबर २०२५

प्रिय उमा,

सांगितलं.

रविवारी सगळ्यांना घरी बोलावलं. भजन नाही, पेटी नाही, तेव्हाच त्यांना कळलं असणार. काय सांगायचं ते सकाळपासून तीनदा लिहून काढलं होतं. सतरंजीवर बसले आणि लिहून ठेवलेलं सगळं विसरले. मग जसं तुला लिहिलं तसंच सांगितलं. कंपनीत पैसे अडकले, परत येतील का माहीत नाही, पोलिसात जाऊन आले, आणि तुमच्या पैशातलं कमिशन मला मिळत होतं. मला ते माहीत नव्हतं, पण मी विचारलंही नव्हतं.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. आधी सगळ्यांनी विठाबाईकडे बघितलं. मग विठाबाई रडायला लागली, तिच्या लेकीला आठवा लागलाय. एक जण म्हणाली, "आता जावयाला काय सांगू?" दुसरी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्यांच्या ठेवी तर हायेत की अजून." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. उमा, 'फेडते' हा शब्द माझ्या दातांपाशी आला होता. तो म्हटला असता तर त्या क्षणी सगळ्यांनी मला माफ केलं असतं. मी पदर तोंडात धरून बसले. मग म्हटलं, "कमिशनचं जेवढं आलं ते मी वेगळं काढलंय, त्याचं वकील सांगतील तसं करू. बाकीचं मला वचन देता येत नाही. उद्या पोलिसांत तक्रार द्यायला मी तुमच्याबरोबर येते. त्यात माझंही नाव लिहायचं असेल तर लिहा."

दोघी उठून गेल्या. बाकीच्या बसल्या, पण माझ्या घरचं पाणी कुणी प्यालं नाही. केवळाबाई शेवटपर्यंत भिंतीला टेकून बसली होती. जाताना दारात थांबली आणि म्हणाली, "आमी त्या पोराकडं बघून न्हाई दिले, बाई. तुमच्याकडं बघून दिले." एवढं म्हणाली आणि गेली.

त्या रात्रीचं काही लिहीत नाही. शिवप्रसादला मी एवढी घाबरले नव्हते.

काल सकाळी पाच जणी तक्रार द्यायला माझ्याबरोबर आल्या. केवळाबाई नव्हती. मी म्हटलं, संपलं, ही आता येत नाही. आज सकाळी अंगण झाडत होते तर फाटक वाजलं. केवळाबाई, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत कंपनीचे सगळे कागद आणि पोलिसांत द्यायच्या तक्रारीचा अर्ज. कुणाकडून तरी लिहून घेतला होता, बसस्टँडजवळच्या टायपिंगवाल्याकडून असेल.

ती पायरीवर बसली, आत आली नाही. पिशवी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "वाचा."

मी म्हटलं, "केवळाबाई, माझ्याकडून? लेकाकडून वाचून घ्या की."

"लेक नायगावला हाय. आन त्याला अजून म्या सांगितलं न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमीच वाचा. पर ह्या टायमाला सगळं वाचा. मागच्या बारीला तुमी वरचं वाचलं आन खालचं बारीक सोडून दिलं. मला वाचता येत न्हाई, पर तुमचं बोट कुठवर गेलं ते दिसत हुतं."

तिने तेव्हाच बघितलं होतं, उमा. बघितलं, आणि तरी माझ्यावर भरवसा ठेवून अंगठा दिला.

मी चष्मा आणला आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले. आधी कंपनीचा कागद वाचला, खालच्या बारीक अक्षरापर्यंत. न कळणारा शब्द आला की ती माझ्या दंडाला हात लावून थांबवायची, आणि मला येत नसेल तर मी 'येत नाही' म्हणायची. मग अर्ज वाचला. त्यात माझं नाव दोनदा आलं, दोन्ही वेळा मी ते मोठ्याने वाचलं. ऊन पायरीवर आलं, तरी ती उठली नाही. शेवटी मी शाईची पेटी उघडून तिच्यापुढे धरली. तिने अंगठा टेकवला नाही. "आता परत पहिल्यापासून," म्हणाली, आणि मी परत पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

तुझी
रत्नाक्का